हिराला दिलेलं बी

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. मालकांनाही नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात एकदा ओठापर्यंत आली होती, पण परत गिळली. आता तुम्ही ऐकताय, तर सांगून टाकते.

दुष्काळाच्या आधीचं वर्ष. बेलापूरच्या अलीकडं आमचं शेत, घरामागं परसात भाजीचे वाफे. निम्मे माझे, निम्मे धाकट्या जावेचे, हिराचे. श्रावण निम्मा सरला तरी पाऊस नाही, नुसतं वारं. विहिरीवरून घागरी वाहून वाहून माझी मान मोडली, आणि उपयोग काय? भेंडी पिवळी पडली, वांग्याचे शेंडे माना टाकत होते, गवार आखडून बसली. राख टाकली, गोमूत्र शिंपडलं — काही म्हणता काही नाही! आणि मधला पाट ओलांडला की हिराचा दोडका मांडवभर लोंबतोय. तीच विहीर, तीच माती. मग मला चीड येणार नाही तर काय? जेवताना मामंजी विचारायचे, "आज धाकलीची भाजी हाय व्हय?" — की मी पुढची भाकरी जरा जोरातच थापायची.

असो. चीड सगळ्यांनाच येते. सांगायचं ते पुढंच आहे.

दसऱ्याच्या सुमारास कांदा लावायचा तर रोप श्रावणातच टाकावं लागतं. हिरानं वाफा खणला, शेणखत चाळून घातलं, ढेकळं हातानं फोडली आणि माझ्याकडं आली. "आक्का, मूठभर बी द्या की. तुमच्यावानी कांदा कुनाचाच न्हाई." आमच्यात बी मागायला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत, घरातली बरकत जाते म्हणतात. तर मी नाही म्हटलं नाही. उतरंडीत दोन गाडगी होती. एकात त्याच उन्हाळ्यात झोडलेलं बी. दुसऱ्यात — तीन वर्षांचं, फेकून द्यायचं राहिलेलं. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर जगतं, हे मला आईनं शिकवलेलं. हिरा पारनेरकडची, जिरायती गावची, तिकडं कांदा कोण लावतंय. तिला कुठून ठाऊक? दिसायला दोन्ही सारखंच काळं.

मी दुसऱ्या गाडग्यात हात घातला. चुकून नाही. भर दुपार होती, घाईही नव्हती.

पंधरा दिवस ती पाणी घालत राहिली. वाकून वाकून बघायची. माझ्या वाफ्यात रोप कसं दाट — आणि तिच्या वाफ्यात गवत उगवलं, कांदा नाही. तिच्या लग्नाला सहा वर्षं झालेली, पाळणा हलला नव्हता. सासूबाई तो वाफा बघून म्हणाल्या, "कूसबी तसलीच अन् हातबी तसलाच."

मी तिथंच उभी होते, हातात खुरपं. एक शब्द बोलले असते तर? तोंडात होता तो शब्द. मी खाली बसले आणि माझ्या वाफ्यातलं गवत काढायला लागले.

त्या दिवसापासून हिराच्या हाती कुणी बी दिलं नाही. पेरणीला चाड्यातून बी सोडायला मी, खुरपायला ती. सासूबाई गेल्या तरी तेच चाललं. पोर तिला झालंच नाही. आणि आता कशाला लपवू? — त्या साली माझं उरलेलं रोप मीच तिला लावायला दिलं, आणि भावकीनं मला मोठ्या मनाची म्हटलं. मी म्हणू दिलं.

परवा माझ्या नातीनं कुंडी आणली. धणे रगडून हिरापुढं धरले, "धाकली आज्जी, तू टाक." सत्तरी ओलांडलेली बाई — तिनं हात पदराआड घेतले. हसत म्हणाली, "आक्काला दे गं. माज्या हातचं उगवत न्हाई."

मी धणे घेतले. टाकले.

आठव्या दिवशी उगवले.