जुन्या गिटारची पाठमोरी परीक्षा

उल्हासनगरच्या दुकानात जुनी इलेक्ट्रिक गिटार देऊन नवी घ्यायची होती. नवी हलकी होती, तिचे सूर उतरत नव्हते, शिवाय दुकानदार जुनीची किंमतही बरी देत होता. पण जुनीचा आवाज हिला नाही, असं मी हटून म्हणत होतो. शेवटी बायकोला पाठमोरी उभी केली आणि एकच धून दोन्हींवर वाजवली. तिने जुनी ओळखली तर ती द्यायची नाही, असं ठरलं.

"दुसरी आपली," ती म्हणाली.

दुसरी नवी होती.

"पुन्हा ऐक."

"अहो, कितीदा? ते शटर ओढतील आता."

जुनी तिथेच ठेवली. कात्रपला घरी आल्यापासून नवी काढतोय, वाजवतोय, ठेवतोय, परत काढतोय. आवाजात खोट सापडत नाही. अंगठा मात्र दांडीवर जुनीचा झिजलेला खळगा शोधत राहतो.