अक्कांचे हात थांबले तेव्हा

अक्का आज सकाळी गेल्या.

आणि माझ्या कादंबरीचा शेवट त्यांना आवडला की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

मीनाचा फोन आला. मीना म्हणजे त्यांची मुलगी. मी येलहंकाला घरी कुकर लावत होते. गॅस बंद केला, रिक्षात बसले, राजाजीनगर म्हणाले. रस्ताभर डोक्यात एकच.

परवा त्यांचे हात का थांबले होते?

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हिचं डोकं फिरलंय.

मी जुन्या गाजलेल्या कादंबऱ्या घेते आणि त्यांतल्या प्रेमकथा नव्यानं लिहिते. नायिका तीच, पण आजच्या बंगळूरमधली आणि चांगली खमकी. तुमच्यातले बरेच जण इनबॉक्समध्ये विचारतात, "या बायका तुला सुचतात कुठून गं?" मी काहीतरी गोलमोल बोलून वेळ मारून नेते.

खरं उत्तर राजाजीनगरला तळमजल्यावर राहायचं.

नाशिकहून नोकरीसाठी बंगळूरला आले तेव्हा मी अक्कांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलंच. सरकारी ऑफिसातून स्टेनो म्हणून रिटायर झालेल्या. जुन्या कादंबऱ्या ढिगानं वाचलेल्या. मराठी बोलायच्या, पण मध्ये मध्ये कानडी पेरलेलं.

रोज संध्याकाळी त्या देवासाठी मोगऱ्याची माळ करायच्या. त्या मल्लिगे म्हणायच्या. मी बाजूला बसून लिहिलेलं वाचून दाखवायचे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांचे हात सटासट चालू होते. चॅप्टर संपला. माळही संपली.

"प्रेम करते, सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पोटाला काय करते?"

"अक्का, मूळ कादंबरीत ती काहीच करत नाही. त्याची वाट बघते."

"मग तिला स्वल्प काम दे. नुसत्या वाट बघणाऱ्या बायका मी लई वाचल्या. एकीचा चेहरा आठवत नाही."

मी काम दिलं. आणि काय सांगू, कथाच बदलली. आता हिला वेळच नव्हता. त्यालाच हिच्या मागे मागे यावं लागलं, थांबावं लागलं, ऐकून घ्यावं लागलं. ते वाचताना अक्कांचे हात थांबले. दोरा बोटात तसाच, फुलं मांडीवर.

तेव्हापासून माझी परीक्षा ती. हात चालू म्हणजे चॅप्टर पडला. हात थांबले म्हणजे जमलं. मी तिथून येलहंकाला राहायला गेले, पण वाचायला त्यांच्याकडेच जायचे.

या नव्या पुस्तकातली माझी नायिका के. आर. पुरमला ब्लाउज शिवायचं दुकान चालवते. सोडून गेलेला तो, कित्येक वर्षांनी दारात येतो. संपादकबाई म्हणाल्या, "रोमान्स आहे, शेवट गोड पाहिजे." मग मी गोड केला. ती शटर ओढते, कुलूप लावते आणि त्याच्याबरोबर निघते.

शुक्रवारी फाईल प्रेसला जाणार आहे.

परवा दुपारी हेच वाचायला गेले होते. अक्का उशीला टेकून बसलेल्या. अंगात ताकद नाही, तरी माळ हातात. मी वाचत गेले, त्या गुंफत गेल्या. शेवटच्या पानावर हात थांबले.

मग त्यांनी डोळे मिटले. मीनानं खुणेनं सांगितलं, पुरे.

फाटकातून बाहेर पडताना मी हवेत होते. घरी पोचेपर्यंत शंका सुरू झाली.

अंगात ताकदच नव्हती ना? थांबले ते शेवट आवडला म्हणून, की दमल्या म्हणून? काल फोन केला तर झोपलेल्या. संध्याकाळी केला, तरी झोपलेल्या. म्हटलं, उद्या जाऊन विचारू.

आज गेले.

दारात चपलाच चपला. अक्कांचा चेहरा शांत. मला बघवेना. मीनानं हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजमधून ओल्या फडक्यात गुंडाळलेली माळ काढली. परवाची. अर्धीच.

"एवढी पुरी कर," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाही."

मला धड येत नाही, माझी गाठ सैल बसते. तरी बसले. मीना शेजारी बसून एकेक फूल हातात देत होती.

"काल सकाळी कॉफी पिताना तुझ्यावर चिडली होती ती, फोनवर सांगायचं राहिलं," मीना म्हणाली.

"माझ्यावर?"

"म्हणाली, त्या मुलीनं त्याला दार उघडलं, बरं केलं. आवडतो तर उघडायचंच की. पण शटर का ओढलं? एवढं उभं केलेलं दुकान. हिला सांग, तो येऊ दे, बसू दे, चहा पिऊ दे. गिऱ्हाईक असेल तर थांबू दे. पण दुकान उघडं ठेव म्हणावं."

दोरा माझ्या बोटात तसाच राहिला.

"काय झालं?" मीनानं विचारलं. "हात का थांबले तुझे?"

तेव्हा रडू आलं. सकाळपासून पहिल्यांदा.

त्या दमल्या नव्हत्या. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं होतं. आणि त्यांना पटलं नव्हतं.

माळ आम्ही दोघींनी मिळून पुरी केली. वेडीवाकडी झाली, अर्धी त्यांची, अर्धी माझी. तीच घातली त्यांना.

आता घरी आलेय. ते पान काढून टाकलं, नवीन लिहिलं. संपादकबाईंना काय वाटेल, माहीत नाही. पुढच्या पुस्तकाला कुणाच्या हातांकडे बघत वाचायचं, तेही माहीत नाही.

पण शेवट आता असा आहे. तो बाकावर बसलाय. ती एका बाईच्या ब्लाउजचं माप घेतेय. चहा सांगितलाय, दोन.

अक्का, दुकान उघडं ठेवलंय.

या आता तुम्ही. नमस्कार.