मयताच्या गाडीतला गरम डबा

भिवाजीने मढ्याशेजारी बसून मच्छी-भात खाल्ला, ही बातमी बाळकुमात पोहोचायला अर्धा दिवस लागला. तेवढ्या वेळात भाताची बिर्याणी झाली होती. जेवण झाल्यावर भिवाजीने मोठा ढेकर दिला आणि मयताकडे बघून "तुमी पन घ्या थोडं" म्हणाला, ही भर खालच्या मजल्यावरच्या मालनने घातली. मालनच्या हातून गेलेली बातमी कधी उपाशी राहत नाही.

खरी गोष्ट इतकी चविष्ट नाही.

भिवाजी मूळचा बाळकुमचाच. बाप खाडीत जाळं टाकायचा. पुढे खाडी काळी पडली, गावठाणाला टॉवरांनी घेरलं, आणि पोराने जाळ्याऐवजी स्टिअरिंग धरलं. आधी कंपनीची बस चालवली. कंपनी बंद पडली तेव्हा इथल्याच एका मंडळाला शववाहिनीसाठी ड्रायव्हर हवा होता. इतर चार जण बायकोला विचारून सांगतो म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. भिवाजीने सरस्वतीला विचारलंच नाही. त्याबद्दल सरस्वती त्याच्याशी पंधरा दिवस बोलली नाही, आणि ते पंधरा दिवस फार सुखाचे गेले असं तो तिच्यादेखत सांगायचा.

अकरा वर्षं त्याने ही गाडी चालवली. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेली माणसं दारातूनच "भिवाकाका, या हां, पण रिक्षाने या" असं बजावून जायची. हॉटेलवाले गाडी लांब लावायला सांगायचे आणि चहा कागदी कपात हातावर ठेवायचे, म्हणजे कप परत घ्यायला नको. त्यामुळे भिवाजीने बाहेर खाणंच सोडलं. घरचा डबा, तोही दोन फेऱ्यांच्या मध्ये कधी सापडेल तेव्हा, गार.

गाडीत मयत असताना मात्र तो पाण्याचा घोटही घेत नसे. गावात कोणी गेलं की मयत उठेपर्यंत आळीत चूल पेटत नाही, ही रीत तो आईच्या कडेवर बसून शिकलेला. त्याच्या मते मयत आत असेपर्यंत ती गाडी म्हणजे मयताचं घर. दिवसाला तीन फेऱ्या असल्या, की सकाळचा डबा संध्याकाळी उघडायचा. दहा वर्षं असं गार-शिळं खाऊन शेवटी पोटाने दावा साधला. मागच्या वर्षी ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी निम्मं पोट काढून टाकलं.

"आता थोडं थोडं खायचं," डॉक्टर म्हणाले. "मऊ खायचं, आणि गरम. गार डबा बंद."

"साहेब, माझ्या गाडीत सगळंच गार असतं," भिवाजी म्हणाला. डॉक्टरांना हसावं की नाही ते कळलं नाही.

तोडगा पोराने काढला. सुदेश डोंबिवलीला राहतो, मोबाइलवरून काय वाटेल ते मागवतो. त्याने एक काळी पिशवी पाठवली, शाळेच्या पोरांच्या डब्याच्या पिशवीसारखी, चेन असलेली. आत खाली एक पत्रा, आणि बाहेर वायर. लोक जिथे मोबाइलचा चार्जर लावतात तिथे ती वायर लावायची, इंजिन चालू ठेवायचं, की पत्रा तापतो आणि वर ठेवलेला डबा गरम होतो. ओव्हन म्हणे. ताकद एखाद्या बल्बाएवढी. भात गरम व्हायला दीड तास.

"दीड तास?" सरस्वती नवऱ्याला म्हणाली. "तुझी आईसुद्धा याच्या आधी तापायची."

पण भात खरंच गरम व्हायचा. वाफ निघायची. ठाण्याच्या हॉस्पिटलबाहेर कागदपत्रांची वाट बघत भिवाजीने पहिल्यांदा गरम घास खाल्ला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या ॲम्ब्युलन्सवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, ह्याचंच कोणी गेलं.

सरस्वती पहाटे उठून मऊ भात आणि बोई माशाचं पातळ कालवण करायची. बोईला काटे फार. ती खिडकीच्या उजेडात बसून एकेक काटा बोटाने चाचपून काढायची, मग मासा कुस्करून भातात कालवायची. तरी डबा निम्मा परत यायचा. चार-पाच घासांवर त्याच्या पोटात जागाच नव्हती. उरलेला भात मांजरीला घालताना ती रोज म्हणायची, "मांजरीचं ऑपरेशन झालं नाही ते बरं."

इमारतीत अर्थातच चर्चा झाली. भिवाजी मढ्याच्या अंगाखाली डबा ठेवून गरम करतो, असं मालनने सांगितलं. मढं गार असतं, ही अडचण तिला कोणी दाखवली नाही. बोलणं मंडळाच्या ऑफिसात गेलं आणि सेक्रेटरी तानाजीभाऊंनी भिवाजीला बोलावून घेतलं. तानाजीभाऊ पंचवीस वर्षं सेक्रेटरी आहेत, कारण या मंडळाचं सेक्रेटरी व्हायला दुसरं कोणी तयार नाही.

"भिवा, तू खा. तुझं पोट मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण लोक रडत गाडीत बसतात. त्यांच्या नाकात कालवणाचा वास गेला तर आपण तोंड दाखवायचं नाही. मयत गाडीत आलं की वायर काढलेली पाहिजे, चेन लावलेली पाहिजे. खाणं तर नाहीच. एक तक्रार आली की चावी या टेबलावर. तू माझ्या लग्नात नाचला असलास तरी."

"फार वाईट नाचलो होतो," भिवाजी म्हणाला.

"ते वेगळं."

भिवाजीला ही अट जाचक वाटली नाही, ती त्याची स्वतःचीच होती. मयत आत ठेवलं की तो आधी वायर काढायचा, पिशवीची चेन लावायचा, मग हात जोडायचा आणि गिअर टाकायचा. आणि चावी टेबलावर ठेवणं म्हणजे काय, हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या, अर्ध्या पोटाच्या, अकरा वर्षं मयतं वाहिलेल्या ड्रायव्हरला दुसरी गाडी कोण देणार?

मे महिन्यातल्या एका दुपारी त्याने ठाण्याच्या हॉस्पिटलातून सुशांत नावाच्या चौतीस वर्षांच्या पोराला उचललं. कावीळ पोटात उतरून गेलेला. कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या बाजूच्या एका गावात न्यायचं होतं. पोराची आई रखमाबाई मागे मयताशेजारच्या बाकावर बसली. विधवा बाई, एकुलता एक पोर. चुलतभाऊ प्रभाकर पुढे भिवाजीच्या बाजूला. बाकीची मंडळी मोटारसायकलींवरून आधीच निघालेली. हॉस्पिटलात दोन तास वाट बघण्यात भिवाजीचा डबा मस्त तापला होता, पण झाकण उघडणार तोच स्ट्रेचर आलं. त्याने वायर काढली, चेन लावली, हात जोडले.

मुंब्रा बायपासवर गाड्या थांबल्या. पुढे कंटेनर आडवा झालेला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ट्रकची भिंत, ना दुकान ना टपरी. पाऊण तास झाला. गावाहून सारखे फोन येत होते, लाकडं आलीत, भटजी आलाय, कुठे आहात. प्रभाकर वैतागून उतरला. "बघून येतो काय झालंय," म्हणाला आणि ट्रकांच्या फटीतून पुढे गेला.

तो गेला आणि मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. भिवाजीने मागे वळून पाहिलं. रखमाबाईचं डोकं गाडीच्या पत्र्यावर टेकलेलं होतं. तो मागे गेला. बाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता, हात थंडगार, बोटं थरथरत होती.

"मावशी, काय होतंय?"

"साकर हाय मना," ती पुटपुटली. "सकाली सुई घेतली."

"आणि खाल्लं काय?"

तिने मान हलवून नाही म्हटलं. काल दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हतं. रोजची सवय म्हणून हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिने इन्सुलिनची सुई मात्र टोचून घेतली होती.

भिवाजीला साखर कळत होती. त्याची आई त्यातच गेलेली. गोळी नाही, बिस्कीट नाही. बाजूच्या ट्रकची काच त्याने बडवली, आतला क्लीनर हातानेच "पुढे काय माहीत नाय" अशी खूण करून पुन्हा आडवा झाला. भिवाजी परत आला तेव्हा बाईचे डोळे वर जायला लागले होते.

सीटखाली काळी पिशवी होती. तिच्याकडे बघताना त्याला टेबल दिसलं, टेबलावरची चावी दिसली. आणि त्याहून जास्त, स्वतःची आई दिसली, मयताच्या घरात चूल पेटवू नका म्हणणारी. त्याने चेन उघडली. वायर काढून दीड तास झाला तरी भात ऊन होता. गाडीभर कालवणाचा वास पसरला.

"नको," रखमाबाईने तोंड फिरवलं. "माजा पोर हितं निजलाय. मी खाव?"

"मावशी, अकरा वर्षं गाडी चालवतोय. एका घरची दोन माणसं एका फेरीत कधी नेली नाहीत. आज नेली तर गाडीत जागा कुठं करू?"

ती हसली नाही, पण तिचं तोंड किंचित उघडलं. त्याने चमचा आत सरकवला. पहिला घास तिने गिळला, दुसरा चावला. तिसऱ्या घासाला ती थांबली.

"मच्छी हाय?"

"हाय."

तिने चादरीखालच्या पायांवर हात ठेवला. "त्याला बोय लय आवडायची," ती म्हणाली, आणि तोंड पुन्हा उघडलं.

डबा संपेपर्यंत भिवाजी भरवत राहिला. थोड्या वेळाने तिचा घाम ओसरला, हाताची थरथर कमी झाली. तिने पदराने तोंड पुसलं, मग तोच पदर तोंडात कोंबून रडली. एवढा वेळ तिला रडायलाही ताकद नव्हती.

प्रभाकर परत आला तेव्हा रिकामा डबा आणि चमचा भिवाजीच्या हातात होता. प्रभाकर दारातच थबकला. नाक फेंदारून त्याने वास घेतला.

"काकी, ह्यानं हितं बसून मच्छी खाल्ली?"

रखमाबाईचे ओठ हलले. ती काय बोलली असती, कोण जाणे. भिवाजी आधी बोलला.

"खाल्लं. भूक लागली होती."

"मयताच्या उशाशी?"

"पोटाचं ऑपरेशन झालंय माझं. कळ निघत नाही."

प्रभाकरने पुढचा सगळा रस्ता त्याचे आईबाप काढले. शिळफाटा गेला, काटई गेलं, भिवाजी गाडी चालवत राहिला. आरशात त्याला रखमाबाई दिसत होती. ती मान खाली घालून बसलेली.

गावात गाडी थांबली आणि बायकांनी तिला उतरवून घेतलं. ती आपल्या पायांनी उतरली, एवढं भिवाजीने पाहिलं. तिला मिठीत घेऊन एकजण मोठ्याने रडत सांगत होती, "कालपासून माझ्या जावेने पाण्याचा थेंब घेतला नाय गं, पोरासाठी!" बाकीच्या बायकांनी सुस्कारे टाकले. नवरा नाही, पोर गेला, आता ह्या भावकीत तिचे जे काय दिवस राहिले होते ते ह्या एका वाक्याने मिळालेल्या मानावर जाणार होते. भिवाजीने गाडी वळवली.

तानाजीभाऊंकडे तक्रार गाडीच्या आधी पोहोचली होती. ते टेबलामागे बसले होते, चिडलेले कमी आणि अवघडलेले जास्त.

"तो माणूस काहीही बोलतो, भिवा. वास आला असेल. खाल्लं नाहीस म्हण. मी मिटवतो."

"खाल्लं."

"अख्खा डबा? तुला चार घास जात नाहीत. माझ्या नातवाच्या बारशाला वाटीभर खीर उरवलीस."

"आज गेला."

तानाजीभाऊंना काहीतरी कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. भिवाजीने खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. नेहमीप्रमाणे ऑफिसच्या मागच्या नळावर आंघोळ केली आणि काळी पिशवी घेऊन घरी चालत आला.

जिन्यात मालन उभीच होती. "काय भिवाकाका, जेवलात का?" तिने विचारलं.

"जेवलो ना," भिवाजी म्हणाला. "तुमच्यासाठी उरवायचं राहिलं."

घरात सरस्वतीला सगळं कळलेलं होतं, मालनच्या पद्धतीने. ती भांडली नाही. तिने पिशवी उघडून डबा बाहेर काढला. पुसून खाल्ल्यासारखा स्वच्छ, कडेला शीतसुद्धा नाही. अकरा महिन्यांत डबा असा कधी परत आला नव्हता. मांजर पायात घोटाळत होती. तिला आज काही नव्हतं. सरस्वतीने डबा बाजूला ठेवला, गॅसवर पातेलं चढवलं आणि भात गरम करून नवऱ्यापुढे आणला. त्याने तीन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

पिशवीचा आता उपयोग नव्हता. घरात ती वायर लावायला जागाच नाही. ती गाडीवरच चालते. सरस्वतीने वायर गुंडाळली, पिशवी माळ्यावर टाकली आणि भांडी घासायला बसली. पाठमोरी असतानाच तिने विचारलं,

"काटा राहिला नव्हता ना?"

भिवाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याने डोळे मिटले.

"नाही," तो म्हणाला. "एकही नाही."