जुन्या फ्रिक्वेन्सीवरच्या हाका

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. रात्री अभ्यासाला बसताना डासांचं मलम लावलं, की सक्तीच्या सैनिकी सेवेतला तो बेटावरचा सराव आठवतो. रेडिओ माझ्याकडे होता. ठरल्या वेळी सगळ्यांनी फ्रिक्वेन्सी बदलली; दलदलीत गेलेली तुकडी मात्र नवीवर आलीच नाही. "येतील लाह! जुनीवर जायचं नाही, शत्रू ऐकतो," सार्जंट नेहमीसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणाला. बऱ्याच वेळाने मी चाचरत विचारलं, "सर, एकदाच ऐकू?" त्याने मान डोलावली. जुनीवर त्या तुकडीतला माझा मित्र रडवेल्या आवाजात हाका मारत होता, "कुणी आहे का? एकजण उन्हाने कोसळलाय, श्वास घेत नाहीये." हेलिकॉप्टर आलं, पण तोवर कोसळलेला मुलगा गेला होता. मित्र अजून शहरातल्या तोआ पायोह भागात जेवायला भेटतो. तो किती वेळ हाका मारत होता, हे मला अजून विचारवत नाही.