फोनपुढे वाकणारे होरितासान

जपानमधल्या ताकाओकातल्या त्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात तक्रारीचा फोन वाजला, की होरितासान आधी कंपनीच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेत आणि मगच रिसीव्हर उचलत. कुठल्याशा गावच्या पाणीपुरवठ्यात त्यांच्या कंपनीचा व्हॉल्व्ह गळत असे. पलीकडचा माणूस कधी ओरडे, कधी नुसताच थंड बोले. होरितासान "हो", "अगदी खरं", "चूक आमचीच" म्हणत म्हणत खुर्चीतून उठत आणि शेवटची माफी मागताना कमरेतून इतके वाकत, की गळ्यातलं ओळखपत्र टेबलाला टेके. समोर कुणीच नसे. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं, तो नमस्कार त्याला पोहोचे.

होरितासान मूळचे हिमी बंदराचे. वडील मासेमारीच्या जाळ्यांवर होते, आजोबाही. "मला बोट लागायची," ते हसत सांगत, "किनाऱ्यावर बांधलेल्या बोटीतसुद्धा. मग वडील म्हणाले, याला लोखंडाकडे पाठवा, ते हलत नाही." शाळा संपल्यासंपल्या ते याच कारखान्याच्या ओतशाळेत, वितळलेल्या लोखंडापाशी, लागले. पुढे डोळ्यांना धग सोसेना, तेव्हा त्यांना वर तक्रार विभागात बसवलं, कारण तिथे आपण होऊन कुणी बसत नसे. तिथेच त्यांचे केस पिकले. बायको साचिए वृद्धाश्रमात काम करायची, मुलगी लग्न करून नागोयाला गेली होती. घरामागच्या तुकड्यात ते मुळे लावत आणि हिवाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून एकेक मुळा प्रत्येकाच्या टेबलावर ठेवून जात. आभार मानले की म्हणत, "नाही हो, यंदा जरा वाकडेच आलेत."

शलाका बेंद्रे याच विभागात त्यांच्या समोरच्या टेबलावर बसे. ती सांगलीची. इंजिनिअर होऊन इथे आली, भाषा शिकली, बर्फात न घसरता चालायला शिकली. तक्रारीतला तांत्रिक भाग तिचा, माफीचा भाग होरितासानचा. सुरुवातीच्या दिवसांत तिने त्यांना विचारलंही होतं, "त्यांना दिसत नाही, मग वाकता कशाला?"

होरितासानचे कान लाल झाले. "न वाकता बोलून पाहिलंय मी. शब्द तेच असतात, पण आवाज ताठ येतो. जुनी खोड आहे, तुम्ही लक्ष देऊ नका."

लक्ष देऊ नका, हे त्यांनी खरोखरच सांगितलं होतं. शलाकाला ते पुढे फार आठवलं.

त्या वर्षी डिसेंबरात विभागाची वर्षअखेरची पार्टी ठरली. शलाका मासे खात नाही आणि इथे तर साध्या सुपाच्या पाण्यातही मासा असतो. दुपारी होरितासाननी जाकिटाची चेन लावली आणि हॉटेलला फोन केला. "आमच्यात एक जण आहेत, त्यांना माशाचं पाणीही चालत नाही… हो, नुसत्या समुद्री शेवाळाचं केलंत तर… ऐन गर्दीच्या दिवसात आचाऱ्यांना त्रास, कल्पना आहे… फार फार क्षमा असावी." पलीकडचा आचारी बहुधा वैतागलेला होता, कारण होरितासान पुन्हा पुन्हा वाकत होते. शलाकाने संगणकाच्या कडेवरून ते सगळं पाहिलं. तिला हसू आलं. त्या हसण्यात मायाच होती, असं तेव्हा तिला वाटलं.

पार्टीत बिअरचे ग्लास दोनदा भरून झाल्यावर विभागप्रमुख निशिदांनी टाळी वाजवली. "शलाकासान, आमच्यात तुम्हाला काय काय वेगळं वाटतं ते आज सांगा. भारतीय नजरेनं! अगदी मोकळेपणी. आज सगळं माफ."

शलाका तयारीनेच आली होती. सांगलीच्या कॉलेजात गॅदरिंगचे फिशपाँड तीच लिहायची आणि तीच वाचायची. प्राचार्यांच्या तपकिरीपासून कँटीनवाल्या मामांच्या चहापर्यंत कुणी सुटायचं नाही. ज्याच्यावर फिशपाँड पडला नाही, तोच रुसून बसायचा. ज्याची नक्कल केली तो आपला झाला, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं आणि आज तिला या सगळ्यांना आपलं करायचं होतं.

तिने निशिदांपासून सुरुवात केली: बैठक कधी घ्यायची हे ठरवायला बैठक घेणारे. सगळे हसले. मग शेजारच्या टेबलावरच्या ओकुमुरासान, ज्या कधीच नाही म्हणत नाहीत, फक्त दातांतून हवा आत ओढतात, सायकल पंक्चर झाल्यासारखी. पुन्हा हशा. मग शलाकाने आपल्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि सोया सॉसची बाटली कानाला लावली.

"आमच्यात एक भारतीय आहे… हो, मासे खात नाही… हो, पाणीसुद्धा नाही… फार फार क्षमा!" आणि भिंतीवरच्या बिअरच्या जाहिरातीपुढे ती अशी वाकली, की केस ताटात पडले.

कुणीतरी टेबलावर हात आपटला. "हुबेहूब! अगदी हुबेहूब!" निशिदांच्या डोळ्यांतून पाणी आलं. होरितासान डोक्यावर हात ठेवून हसत होते. त्यांचे कान लाल झाले होते आणि टाळ्या सगळ्यांत शेवटपर्यंत तेच वाजवत राहिले. मग ते उठून तिच्यापाशी आले, तिच्या पेल्यात चहा ओतला आणि म्हणाले, "फार बारकाईनं पाहता तुम्ही. शिकायला मिळालं."

घरी पोहोचल्यावर तिने सांगलीला फोन लावला. "अगं आई, काय हसले सगळे! आज पहिल्यांदा वाटलं, मी इथली झाले."

जानेवारीत ऑफिस उघडलं तेव्हा होरितासानच्या टेबलावर एक बिनतारी फोन आला होता. तक्रार आली, की ते तो उचलून बाहेर जिन्यात जात आणि दार ओढून घेत. जिन्यात हीटर नव्हता. खिडकीच्या फटीतून आलेला बर्फाचा चुरा पायऱ्यांवर साचलेला असे. ते परत येत तेव्हा त्यांचं नाक लाल झालेलं असे. कुणी काही विचारलं नाही. शलाकालाही काही दिवस काहीच वाटलं नाही.

एका सकाळी खालच्या मजल्यावर व्हॉल्व्हचा नकाशा द्यायला ती जिन्याचं दार उघडून बाहेर पडली. होरितासान तिच्याकडे पाठ करून उभे होते, फोन कानाला, अर्धे वाकलेले. दाराचा आवाज झाला आणि वाकता वाकता ते एकदम ताठ झाले. आवाज चालूच होता, "मनापासून क्षमा असावी," पण पाठ सरळ. वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं, हसून मान हलवली आणि भिंतीला अंग चोरून तिला वाट करून दिली.

ती खाली गेली, नकाशा हातातच घेऊन परत आली.

चहाच्या खोलीत ओकुमुरासान किटलीत पाणी भरत होत्या.

"ओकुमुरासान, होरितासान जिन्यात का जातात?"

"तिथे आवाज नीट येतो म्हणतात."

"टेबलावर तारेचा फोन आहे. त्याचा आवाज कधीपासून बिघडला?"

ओकुमुरासाननी दातांतून हवा आत ओढली आणि मध्येच थांबल्या. "बघ! आता हेही धड करता येत नाही मला. सुरू केलं की पंक्चरची सायकल आठवते."

शलाकाने हातातला नकाशा ओट्यावर ठेवला. "तुम्हालाही लागलं?"

"मला कसलं लागतंय! माझ्या सासूनं याहून वाईट नावं ठेवलीत मला."

"पण सगळे हसत होते ना!"

"मग काय करणार? तू मध्ये उभी, सॉसची बाटली कानाला लावून. आम्ही हसलो नसतो तर तुझं काय झालं असतं?"

"म्हणजे माझ्यासाठी हसलात?"

"काही जण. निशिदा खरंच हसत होते. पण त्यांना बिअर चढली की स्वतःच्या पायमोज्याचंही हसू येतं." त्यांनी किटलीचं झाकण लावलं. "आम्हाला का दिसत नव्हतं ते वाकणं? इतकी वर्षं शेजारी बसतेय मी. पण मी बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं. म्हणून तर त्यांना वाकता येत होतं. तू सगळ्यांना एकदम बघायला लावलंस."

शलाका ओट्याला टेकून उभी राहिली. "आणि तो फोन माझ्याच जेवणासाठी होता."

"हं."

"मी माफी मागते त्यांची. आत्ताच जाते."

"नको गं बाई." ओकुमुरासाननी तिचं मनगट धरलं. "माफी मागितलीस, तर लागलं होतं हे त्यांना कबूल करावं लागेल. मग तेच तुझी समजूत काढत बसतील. थोडे दिवस जाऊ देत. फारच वाटलं, तर काही गोडधोड आणून टेबलावर ठेव. बोलू मात्र नकोस."

शलाकाने रव्याचे लाडू केले, डबा होरितासानच्या टेबलावर ठेवला आणि काही बोलली नाही. होरितासाननी सगळ्यांना लाडू वाटले, स्वतः एक खाल्ला आणि डबा धुऊन, पुसून, आत एक संत्रं ठेवून परत दिला. नंतर फोन वाजला आणि ते जिन्यात गेले.

तिला हे सहन होईना. तिच्या घरी भांडण झालं की आवाज चढत, कुणीतरी रडे, मग चहा होई आणि विषय संपे. इथे काही झालंच नव्हतं, मग ते संपणार कसं? घरी जाताना, भाजी चिरताना, कुठेही असली तरी तिला ती पाठ दिसे, अर्ध्यातून सरळ झालेली. तिला आता एकच हवं होतं: होरितासान पुन्हा आपल्या टेबलापाशी, आपल्या सवयीने, फोनवर बोलावेत.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी सगळे रोजच्यासारखे गोल करून उभे होते. निशिदांनी आठवड्याची कामं सांगितली आणि मग चेहरा खुलवून म्हणाले, "एक आनंदाची बातमी. शलाकासानच्या त्या भाषणाबद्दल ओसाकाच्या मुख्य कार्यालयानं ऐकलंय. वसंतात नवे लोक भरती होतील, त्यांच्यापुढे तेच करून दाखवायचं. नकलांसकट! होरितासानना मी विचारलंय, त्यांची काही हरकत नाही."

होरितासान म्हणाले, "माझा काही उपयोग होत असेल तर आनंदच आहे. शलाकासानच्या पुढच्या कामालाही मदत होईल."

ते खरंच तिच्या भल्याचं बोलत होते. तेच तिला सोसलं नाही.

"मी नाही करणार," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "माझं चुकलं. होरितासान, तुम्ही माझ्या जेवणासाठी हॉटेलवाल्याची बोलणी खाल्लीत आणि मी त्याचीच नक्कल केली. सगळ्यांसमोर केली, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. माझ्यामुळे तुम्ही थंडीत जिन्यात उभे राहता. कृपा करून राहू नका."

सांगलीत हा हिशेब बरोबर ठरला असता. सगळ्यांसमोर दुखावलं, सगळ्यांसमोर पाय धरले. कुणीतरी "जाऊ दे गं" म्हणालं असतं आणि कुणीतरी चहा मागवला असता.

इथे कुणी हललं नाही. ओकुमुरासाननी डोळे मिटून घेतले. जिन्याचं कारण एवढे दिवस सगळ्यांनी आवाज नीट येतो या एका वाक्याखाली झाकून ठेवलं होतं. ते शलाकाने आता भर सभेत उघडं टाकलं होतं.

होरितासान गोलाच्या मध्ये आले. त्यांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. तिच्यासमोर उभं राहून ते कमरेतून वाकले, ओळखपत्र हवेत लोंबकळू लागलं.

"माझ्यामुळे तुमच्या मनाला इतका त्रास होतोय, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मनापासून क्षमा असावी."

"नाही, नाही, तुम्ही नका…" म्हणत ती त्यांच्याहून खाली वाकली. मग ते आणखी वाकले. आधी वर कुणी व्हायचं हे दोघांनाही ठरवता येईना. शलाकाला त्यांच्या डोक्याच्या मध्यावर पडू लागलेलं टक्कल दिसत होतं, ते कानांइतकंच लाल झालं होतं. तिने बाजूला नजर टाकली. निशिदा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ओकुमुरासान आपल्या बुटांकडे बघत होत्या. सगळे पुन्हा न बघण्याच्या कामाला लागले होते. बघणारी एकटी शलाका उरली होती.

सरळ झाल्यावर होरितासान सगळ्यांकडे वळले. "सकाळच्या वेळी सगळ्यांचा खोळंबा झाला," असं म्हणून पुन्हा थोडे वाकले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

ओसाकाला दुसऱ्याच कुणाला तरी पाठवायचं ठरलं. शलाकाला कुणी रागावलं नाही. रागावलं असतं तर बरं, असं तिला रोज वाटायचं.

तिला एकच गोष्ट सुचली आणि ती तिने कुणाला विचारून केली नाही. होरितासानचा फोन वाजला, की आपला कप उचलायचा आणि उठायचं. पहिल्या वेळी होरितासानही बिनतारी फोन घेऊन निघाले होते. पण शलाका आधीच दाराबाहेर पडली होती आणि तिने दार ओढून घेतलं होतं. फोन हातात धरून ते आत उभे राहिले. मग, बहुधा, बसले.

आता ती जिन्यात उभी असते. कपातला चहा लगेच गार होतो. खिडकीच्या काचेवर साचलेला बर्फ मधूनच घसरून खाली पडतो. जाड दारामागचं काही ऐकू येत नाही. आत ते वाकतात की ताठ बसून बोलतात, तिला ठाऊक नाही.

थोड्या वेळाने ओकुमुरासान दार किलकिलं करतात. "झालं. ये आत, गारठलीस."

ती आत येते आणि समोरच्या टेबलाकडे न बघता आपल्या खुर्चीपर्यंत जाते.