डोहाळ्यांचे पेरू

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या लग्नाच्या आधीच मला एक गरोदर बायको होती, असं अकोल्यात जठारपेठेतली एक भाजीवाली समजत होती.

बदली झालेल्या मित्राने त्याची गिनीपिगांची जोडी माझ्या खोलीवर आणून सोडली. त्यांना चालेल तेवढंच मी रोज घ्यायचो: कोथिंबीर, काकडी, पेरू, पाल्यासकट गाजर. भाजीवाली एकेक पेरू हुंगून, पदराला पुसून द्यायची. एकदा म्हणाली, "मास्तर, कांदा नाई, लसूण नाई, आलू नाई. तुमी जैन हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग गाजर कसं चालते?"

बिनशेपटीच्या उंदरांसाठी पेरू निवडतो, हे सांगायची लाज वाटली. तोंडातून निघालं, "घरी डोहाळे लागलेत."

तेव्हापासून ती बाकीच्या गिऱ्हाइकांना दटावायची, "थांबा ना जरा! मास्तरची बाई दोन जिवांची हाय."

पुढे गिनीपिगांतली मादी खरंच व्याली. आनंदाच्या भरात मी बोलून गेलो, "तीन झाली!"

तिने तराजूच खाली ठेवला. "अवो बाप्पा! तीन?"

चार दिवसांनी तिने पाटीखालून स्वतः शिवलेल्या तीन कुंच्या काढल्या. "बारशाले बोलवा बरं. मले पोटचं लेकरू नाई. पाळणा मीच हालवीन."

कुंच्या मी घेतल्या आणि पुन्हा त्या बाजूला फिरकलो नाही. पुढे माझ्या खऱ्या मुलांची बारशी झाली, तेव्हाही गेलो नाही. तिचं नावही मला ठाऊक नाही. तिला द्यायचं बारशाचं आमंत्रण माझ्याकडे अजून बाकी आहे.