पाचोळ्यात चढलेली मुळं आणि उपाशी साग

दिनकरराव हे माझ्या मैत्रिणीचे यजमान. राहतात पुण्यात, सागाची बाग केळापूरजवळ, आणि लग्नकार्यात भेटेल त्याला तिचे फोटो दाखवतात. सप्टेंबरअखेरच्या एका संध्याकाळी मी त्यांच्यासोबत यवतमाळच्या बसमध्ये बसले, ती वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका म्हणून. सहा वर्षं झाली तरी त्यांचा साग वाढत नव्हता. बागेची राखण करणारी लक्ष्मीबाई खत परस्पर विकते, असा त्यांचा संशय होता.

"तुम्ही शास्त्रीय भाषेत लिहून द्या शुभाताई," ते खिडकीचा पडदा सारखा करत म्हणाले. "म्हणजे तिला काढलं तरी गावात कोणी बोलणार नाही."

मी हो म्हणाले. विदर्भाचा हा भाग मी पाहिला नव्हता, आणि माझ्या सहीला अजून कोणी विचारतं याचं मला बरंही वाटलं होतं.

सकाळी यवतमाळला रशीदभाई जीप घेऊन उभे होते. आर्णीचे राहणारे, मूळचे मेकॅनिक, आता गाडीही चालवतात; दिनकररावांना बागेवर नेहमी तेच नेतात. पांढरकवड्यापर्यंत रस्ता चांगला. दोन्ही बाजूंना कपाशी बोंडांवर आलेली, तिच्यामधून तुरीच्या ओळी, सोयाबीन पिवळं पडत चाललेलं. दिनकरराव सगळा वेळ सागाच्या लाकडाबद्दल बोलत होते. रशीदभाईंनी बरंच ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "साहेब, तुमची बाग त एकदम साफसुथरी आहे. मग झाडं काहून (का) नाही वाढून राह्यले?"

"माणसं नीट नाहीत," दिनकरराव म्हणाले.

पांढरकवड्याला एका खानावळीत पाटोडीचा रस्सा खाल्ला. पाटोडी म्हणजे बेसनाची घट्ट वडी, ती लालभडक रश्श्यात सोडतात. सोबत ज्वारीची भाकर. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. दिनकररावांनी डब्यातून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या आणि या भागातल्या लोकांच्या पोटांबद्दल एक व्याख्यान दिलं, जे शेजारच्या टेबलावरच्या चौघांनी शांतपणे ऐकलं.

केळापूरच्या पुढे जीप चिखलात रुतली. काळी माती बुटांना अशी धरते की प्रत्येक पावलाला जोडा अर्धा किलो जड होतो. उरलेलं अंतर आम्ही चालत गेलो. दिनकररावांचे पांढरे बूट बागेच्या फाटकापर्यंत काळे झाले होते, आणि त्याचाही दोष त्यांनी गावालाच दिला.

फाटकापाशी लक्ष्मीबाई टेकाम उभी होती. पन्नाशीची, कोलाम समाजातली, कमरेला विळा खोचलेला. तिच्या शेजारी बागेचा सल्लागार निलेश, इस्त्रीच्या शर्टात, हातात वही. पुण्यात दिनकररावांना माझं नाव त्यानेच सुचवलं होतं.

बाग पाहून मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. जमीन अंगणासारखी लोटलेली. एक वाळकं पान नाही, गवताची काडी नाही. ओळींमधून नुकताच वखर फिरवलेला. आणि या स्वच्छतेत उभी असलेली झाडं मनगटाएवढी, पानं पिवळट, शेंड्याकडे विरळ. एखाद्या कार्यालयाच्या व्हरांड्यात सागाची रोपं ठेवावीत तसा तो प्रकार होता.

"पाचोळ्याचं काय करता?" मी विचारलं.

"गोळा करून जाळतो, मॅडम," निलेश म्हणाला. "बुंध्याभोवती तीन हात स्वच्छ, वखरणी महिन्याला, आणि दाणेदार खत बुंध्याला लागून."

"मी खत टाकलं जी, दर खेपेले," लक्ष्मीबाई मधेच म्हणाली. "साहेब मले चोर म्हणून राह्यले. झाडच खाऊन नाही राह्यलं, त मी काय करू?"

दिनकरराव आकाशाकडे पाहू लागले.

मी तिच्याकडून कुदळ मागितली. एका बुंध्यालगत वीतभर खणलं, तेव्हा खताचे करडे खडे निघाले. थरावर थर, घट्ट बसलेले. चोरलेलं खत जमिनीत सापडत नाही, एवढं समजायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. दिनकररावांनी खडे पाहिले आणि चष्मा पुसला.

खड्यांच्या मधून जाणारी मुळं अंगठ्याएवढी जाड होती, बारीक मूळ एकही नाही. जाड मुळांचं काम झाडाला धरून ठेवायचं. जेवतात ती केसासारखी बारीक मुळं, आणि ती बुंध्यापासून लांब, वरच्या चार बोटं मातीत पसरतात. मी तीन हात दूर खणलं. तिथे ती होती, वखराच्या पात्याने तुटलेली, टोकं काळी पडलेली. दर महिन्याला झाड नवं तोंड उघडायचं आणि दर महिन्याला हे लोक ते कापायचे. खत ठेवायचे ते त्याच्या पायाशी.

"जंगलाले कोण खत देते?" लक्ष्मीबाई म्हणाली. "चला, दाखवतो."

स्त्रिया 'दाखवतो' म्हणतात ते मला तिथे पहिल्यांदा ऐकू आलं. कुंपणापलीकडे राखीव जंगल लागतं. तिथेही साग होता, शिवाय ऐन, मोह, तेंदू. साग अगदी सरळ नव्हते, ओळीत तर नव्हतेच, पण मला दोन्ही हातांत मावेनात. खाली ओला पाचोळा घोट्यापर्यंत. लक्ष्मीबाईने गुडघे टेकले आणि वरची पानं हलकेच बाजूला केली. खालचं एक कुजकं पान उचलायला गेली, तर ते उचललं जाईना. मातीतून बारीक मुळं वर चढून त्या पानाला चिकटली होती, पानाच्या शिरांच्या जाळीत शिरली होती.

मीही गुडघे टेकले. पानांमध्ये पांढरे धागे होते. ती पानं कुजवणारी बुरशी. मुळांशी भागीदारी करणारी बुरशी त्याहून बारीक, ती डोळ्यांना दिसत नाही. मुळांना जिथवर पोचता येत नाही तिथून ती स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. पान पडतं, कुजतं, आणि त्यातलं अन्न पावसाने खाली वाहून जायच्या आधी मुळं ते तिथल्या तिथे उचलतात. हे सगळं मला पाठ होतं. जाळीत शिरलेलं मूळ मी कधी बोटाने चाचपलं नव्हतं.

मग मी निलेशकडे वळले आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. पाचोळा जाळणं म्हणजे झाडाचं ताट जाळणं आहे, उघडी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि उरलेली मुळंही तोडते, हे कोणत्या दीडशहाण्याने तुला शिकवलं, असं बरंच काही बोलले. दिनकररावांना समाधान वाटत होतं. चोर नाही तर नाही, गुन्हेगार तरी मिळाला.

निलेशने सगळं ऐकलं. मग वही उघडून माझ्यापुढे धरली. जुनी वही होती, विद्यार्थ्याच्या अक्षरातली. पानाच्या माथ्यावर विषय लिहिला होता, रोपवनाची निगा, आणि त्याखाली माझं नाव.

"तुमच्याच वर्गात घेतलंय, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसंच केलं."

तीन हात स्वच्छ. पाचोळा जाळावा. खत बुंध्यालगत. वाक्यंसुद्धा माझीच होती. एका छापील पुस्तिकेवरून मी ती वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि एकदाही एखाद्या रोपवनात जाऊन खणून पाहिलं नव्हतं. इतका वेळ मी ज्याला दीडशहाणा म्हणत होते ती मीच होते, आणि माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा माती लागली होती.

"चूक याची नाही, माझी आहे," मी दिनकररावांना सांगितलं. "आणि हिची तर अजिबात नाही. खत हिने टाकलंय, तुम्ही पाहिलंत."

"ठीक आहे मग," दिनकरराव म्हणाले. "लक्ष्मीबाई, उद्यापासून पाचोळा जाळू नको. वखर बंद."

एवढंच. तिला चोर म्हटल्याबद्दल एक शब्द नाही. फाटकापाशी आल्यावर लक्ष्मीबाईने कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्या हातात दिली.

"मी नाही येत आता."

"का? आता तर सगळं मिटलं."

"तुमचं मिटलं जी," ती म्हणाली, आणि जंगलाच्या कडेच्या पायवाटेने निघून गेली.

परतीच्या बसमध्ये दिनकरराव नवी बाई कुठे मिळेल याचे फोन करत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले. दुसऱ्याच्या अडाणीपणावर हसायला मी सातशे किलोमीटर आले होते आणि माझाच अडाणीपणा सहा एकरांत ओळीने लावलेला पाहून परत चालले होते.

पुण्यात आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना पत्र लिहिलं. मी शिकवलेलं चुकीचं होतं, पाचोळा जाळू नका, बुंध्याशी खत ओतू नका, आधी खणून बारीक मुळं कुठे आहेत ते पाहा. बरेच दिवस काही आलं नाही. मग एकीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. ती आता एका मोठ्या रोपवनाची अधिकारी आहे.

"मॅडम, पाचोळा ठेवावा असं मी तेव्हा परीक्षेत लिहिलं होतं. तुम्ही त्याचे गुण कापले होते."